विमलच्या कोंबड्या आणि तुमच्या तीन कुप्या

नसरीन मॅडम,

माझं शुद्धलेखन चुकतं आणि अक्षरही वाईट आहे, त्याची आधी माफी मागते. चौथीपर्यंत शिकले. त्यानंतर जे लिहिलं ते रेशनच्या फॉर्मवर नाव आणि तुमच्या अंड्यांवर तारीख. अंड्यावर पेन्सिलीने लिहायचं तर हात हलका ठेवावा लागतो. तीच सवय लागली, म्हणून कागदावरही अक्षर पुसट उमटतं. वही मी पत्र्याच्या पेटीत साड्यांखाली ठेवणार आहे. कोणाला दाखवायची नाही. तुमच्याशी समोरासमोर जे बोलता आलं नाही ते इथे बोलते.

तुम्ही म्हणायचात, "अक्का, तुम्ही बोलता की नुसता श्वास घेता?" मी हसायचे आणि नळ्या धुवायला वळायचे. प्रयोगशाळेत मला सगळे "ओ मावशी" म्हणून हाक मारायचे. पहिल्याच दिवशी तुम्ही नाव विचारलंत, माझं वय आपल्यापेक्षा पंधरा वर्षांनी जास्त आहे असा हिशेब मनातल्या मनात केलात, आणि सुमनअक्का म्हणायला लागलात. दोंडाईच्याच्या पिंजाऱ्याची मुलगी, पांढरा कोट घालून, झाडूवालीला अक्का म्हणते, याची मला इतकी लाज वाटायची की आठवडाभर मी तुमच्या टेबलाखालचा केर तुम्ही जेवायला गेल्यावरच काढत होते.

मग एक दिवस तुम्ही मला त्या कोपऱ्यातल्या अंधाऱ्या खोलीत नेलंत. पत्र्याचा डबा, त्याच्या झाकणाला भोक, आत बल्ब. दहा दिवस उबवलेलं अंडं तुम्ही भोकावर धरलंत. आत लाल शिरा पसरल्या होत्या, पिंपळाच्या जुन्या पानावर असतात तशा, आणि मधे एक काळा ठिपका उडत होता.

"हे जिवंत आहे?" मी विचारलं.

"हो."

"आणि याच्यात रोग टोचायचा?"

"हो, अक्का."

मी तुमच्या हातातलं अंडं घेऊन परत ट्रेमध्ये ठेवलं आणि बाहेर येऊन हात धुतले. त्या दिवशी सुरू झालेलं आपलं भांडण फार दिवस मिटलं नाही. पिल्लू मारायला आपण कोण, हे मी तीन वर्षांत तीनदा-चारदाच तोंडाने विचारलं असेल. पण तुम्हाला ते रोज ऐकू यायचं, कारण मेलेलं अंडं दिसलं की मी ते तुमच्या हातात द्यायचे नाही, टेबलावर ठेवायचे.

तुम्ही एकदा चिडून म्हणालात, "त्याला जिवंत घर लागतंच. विषाणूकडे स्वतःचं काही नसतं. चूल नाही, भांडं नाही, पीठ नाही. दुसऱ्याच्या घरात शिरतो, त्याच्याच चुलीवर रांधतो आणि पोरं वाढवतो. रिकाम्या नळीत तो वर्षभर पडून राहील, एकाचा दोन होणार नाही. मग मी त्याला बघू कशी?"

मी म्हटलं, "नका बघू."

तुम्ही खूप हसलात. म्हणालात, "अक्का तीन महिन्यांनी बोलल्या, आणि काय बोलल्या!"

त्याच हिवाळ्यात तुम्ही सुट्टीवरून आलात तेव्हा पिशवीत तुमच्या वडलांकडची, चाचांकडची, कापसाची बोंडं होती. एक पुरतं उकललेलं, आणि दोन कवडी, म्हणजे न उकललेली, कडक. जेवायच्या सुट्टीत मी डब्यातली कळण्याची भाकरी तुम्हाला अर्धी दिली, आणि तुम्ही ती बोंडं माझ्यापुढे ठेवलीत. मला त्या दिवशी जे कळलं ते मी अजून कोणालाही सांगू शकेन, म्हणून लिहून ठेवते.

तुम्ही म्हणालात, विषाणूच्या अंगावर काटे असतात, ते प्रथिनांचे. दोन तऱ्हेचे. एक कुसळासारखा. लुगड्याच्या काठाला कुसळ चिकटतं तसा तो पेशीला चिकटतो. पण नुसतं चिकटून आत जाता येत नाही. आत घुसायचं काम दुसऱ्या काट्याचं, आणि तो या बोंडासारखा मिटलेला असतो. त्याची शिवण कोणीतरी उसवली तरच तो उघडतो आणि दार फोडतो. आता सौम्य विषाणू असेल तर त्याची शिवण या कवडीसारखी घट्ट. ती उसवणारी सुरी कोंबडीच्या फक्त श्वासनळीत आणि आतड्यात असते. म्हणून तो तिथेच राहतो. कोंबडी शिंकते, दोन दिवस गप्प बसते, बरी होते.

मग तुम्ही उकललेलं बोंड उचललंत.

"आणि याची शिवण बघा. याला सुरी नको, नखही चालतं. ती शिवण कशी घालायची हे विषाणूच्या आत लिहिलेलं असतं, आणि तसल्या विषाणूत त्यातली फक्त तीन-चार अक्षरं बदललेली असतात. पण तेवढ्याने ती अंगातल्या कुठल्याही हाताला उसवते. काळजात, प्लीहेत, मेंदूत, जिथे जाईल तिथे तो उघडतो. मेंदूत शिरला की मान वळते."

"मानमोडी," मी म्हटलं.

"मानमोडी."

लहानपणी माझ्या आईच्या सोळा कोंबड्या दोन दिवसांत माना पिरगाळून मेल्या होत्या. कोणाची नजर लागली म्हणून आईने शेजारणीशी बोलणं सोडलं होतं, ते मरेपर्यंत. तीन-चार अक्षरांपायी. मी तुम्हाला हे तेव्हा सांगितलं नाही. माझ्या डोळ्यात पाणी आलं ते तुम्हाला भाकरीबरोबरच्या ठेच्याचं वाटलं.

"ही अक्षरं बदलतं कोण?" मी विचारलं.

"कोणी नाही. घाईघाईत स्वतःच्या नकला काढतो, त्यात चुकतो. बहुतेक चुका त्याच्याच मुळावर येतात. काटा वाकडा होतो, चिकटत नाही, संपला. हजारातली एखादी चूक त्याच्या फायद्याची निघते."

आणि मग थेंबांचं. कोंबडीच्या डोळ्यात लसीचे थेंब टाकले की तिचं अंग त्या काट्यांची ओळख धरतं आणि त्यांना झाकणारे बारीक बारीक हात तयार करतं. काटा झाकला की चिकटणं बंद. पण काट्याचा आकारच बदलला तर ते जुने हात त्याच्यावर बसत नाहीत. शेवटी तुम्ही म्हणालात, "आणि अक्का, कोंबडी हे हात अंड्याच्या बलकातही भरून देते. पिल्लाला शिदोरी. म्हणून मला थेंब टाकलेल्या कोंबड्यांची अंडी चालत नाहीत. त्यात विषाणू धड वाढतच नाही."

हे मला माहीत होतं, मॅडम. मला माहीत नव्हतं असं मी कोणापुढेही म्हणू शकत नाही.

पुढच्या वर्षी जामनेरकडच्या एका गावात कोंबड्या मेल्या. तुम्ही स्वतः गेलात. परत आलात तेव्हा चेहरा उतरलेला होता, कारण त्या कोंबड्यांना थेंब टाकलेले होते. तुम्हाला भीती होती की काट्यांनी रूप बदललं आहे आणि जुनी लस आता धरत नाही. आजारी कोंबड्यांच्या घशातल्या नमुन्यांच्या तीन छोट्या कुप्या तुम्ही आणल्या होत्या. तेवढंच. मेलेल्या कोंबड्या लोकांनी आधीच पुरल्या होत्या.

त्या कुप्यांसाठी कोरी अंडी हवी होती. बाजारातल्या अंड्यांचा भरवसा नाही, पोल्ट्रीवाले तर थेंब टाकतातच. मीच पहिल्यांदा आपणहून तोंड उघडलं. माझी धाकटी बहीण विमल शिरपूरच्या वर सातपुड्याच्या पायथ्याशी राहते, दोन बिघे कोरडवाहू आणि घरामागे कोंबड्या. तिच्याकडे कधी कोणी थेंब घेऊन गेलं नव्हतं. तुम्ही माझ्याबरोबर बसने आलात. विमलच्या ओट्यावर बसून तुम्ही बोली केलीत. वीस कोंबड्यांना थेंब टाकायचे नाहीत. अंड्याला कार्यालय देईल आठ रुपये, आणि तुम्ही वर सहा रुपये स्वतःच्या पगारातून द्याल, कारण जोखीम विमलची आहे.

विमल म्हणाली, "आते ह्या कोंबड्या मन्या का तुन्या?" आणि तुम्हालाच हाताने ओढून चुलीपाशी नेलं. तुम्ही तिच्याशी अहिराणीत बोललात तेव्हा ती गारच पडली. "माय वं! हाई मॅडम ते आपलीच शे!"

दर गुरुवारी मी पहाटेच्या बसने जायचे आणि दुपारी चाळीस अंडी घेऊन परत. गव्हाच्या कोंड्यात पुरलेली, डबा मांडीवर. सोनगीरच्या गतिरोधकावर बस उडायची तेव्हा मीही डब्याबरोबर उडायचे, म्हणजे अंड्यांना धक्का नको. कंडक्टर विचारायचा, "काय आहे मावशी, सोनं?" मी मान हलवायचे. सहा गुरुवार तसे गेले. तुम्ही आधी जुना, ओळखीचा विषाणू त्या अंड्यांत वाढवून बघितलात. छान वाढला. म्हणालात, आता पुढच्या महिन्यात जामनेर.

सातव्या गुरुवारी गेले तर विमल दारात बसलेली. शेजारच्या पाड्यावर रोग आला होता. चार दिवसांत तिथे बांग द्यायला कोंबडा उरला नव्हता. थेंबवाली बाई गावात आली होती, पाटलाच्या ओट्यावर बसली होती, संध्याकाळी जाणार होती.

"अक्का, बठ्ठा गाव थेंब टाकी राह्यना," विमल म्हणाली. सगळा गाव टाकून घेत होता. "तुनी मॅडमकरता मन्या वीस कोंबड्या मरू देऊ का?"

तेव्हा तुम्हाला फोन करायला हवा होता. नंबर माझ्या कमरेच्या पिशवीत होता, तुम्हीच मोठ्या आकड्यांत लिहून दिलेला. मी हातात घेतलाही. पण मला फोनवर बोलायची इतकी भीती वाटते की रेशनवाल्यालाही मी विमलच्या पोराकडून फोन करवते. आणि तुम्ही नाही म्हणालात तर? तुम्ही हो म्हणालात तर सहा रुपये बंद होणार, तेही मनात आलं. लिहिते, लपवत नाही. विमलने त्या पैशांतून पोराची फी भरली होती.

मी म्हटलं, "टाक."

एक-एक कोंबडी मी धरली. थेंब पडला की ती डोळा मिटायची. वीस कोंबड्या. मग मी त्यांचीच चाळीस अंडी कोंड्यात पुरली आणि बसमध्ये बसले. स्वतःला सांगितलं, ही तर आधीची अंडी आहेत, यांत काही नसेल. पुढच्या गुरुवारी सांगू. पुढच्या गुरुवारी तुम्ही फार आनंदात होतात, तुमच्या कामाला सहा महिने वाढवून मिळाले होते. त्याच्या पुढच्या गुरुवारी सांगायला उशीर झाला होता.

एक-एक आठवडा सोडून तुम्ही तीन कुप्या उघडल्यात. तुम्ही टोचायचात, मी दिव्यावर धरून बघायचे, सकाळी, दुपारी आणि घरी जाण्याआधी. पिल्लू किती तासांत मरतं, यावरून विषाणूचा जोर कळतो असं तुम्ही शिकवलं होतं. पिल्लं मरेनात. शिरा लालच. ठिपका उडतोच आहे. मला त्या दोन महिन्यांत पहिल्यांदा जिवंत अंडं बघून घाम फुटत होता.

तुम्ही अंड्यातलं पाणी काढून कोंबडीच्या रक्ताबरोबर त्या खोलगट वाट्यांच्या पट्टीत घालायचात. विषाणू असेल तर त्याचे काटे रक्ताला धरून ठेवतात आणि वाटीभर फिकट चटई पसरते. विषाणू नसेल तर रक्त खाली बसून बारीक लाल टिकली पडते. ओळीच्या ओळी टिकल्या पडल्या. तिसरी कुपी संपल्यावर तुम्ही तोच जुना ओळखीचा विषाणू परत टोचून बघितलात. तोही वाढला नाही.

तेव्हा तुम्ही माझ्याकडे वळलात. मी ट्रे पुसत होते.

"सुमनअक्का, विमलच्या कोंबड्यांना कोणी थेंब तर नाही ना टाकले?"

"नाही मॅडम."

"नक्की?"

"नाही."

तुम्ही खुर्चीत बसलात. "बलक ठेवलेत मी दर गुरुवारचे. तपासणार होते. पण तुम्ही सांगता म्हणजे झालं." मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणालात, "खरं तर टाकलेले असते तर बरं झालं असतं. मग मी म्हटलं असतं की जुने हात अजून धरतात, काटे तसे बदललेले नाहीत, जामनेरकडे थेंबच कुठेतरी उन्हात मेले असतील. आता काय म्हणू? फ्रीजरच गेला असेल. दिवाळीत वीज गेली तेव्हा मी येऊन बघायला हवं होतं."

एक शब्द होता माझ्या तोंडात. तुमच्या तीन कुप्यांचं उत्तर त्या एका शब्दात होतं, आणि मी फडकं पिळलं.

रजिस्टरमध्ये तुम्ही स्वतःच्या हाताने लिहिलंत की नमुने थंड ठेवण्यात माझ्याकडून हयगय झाली. साहेबांनी त्यावर लाल शाईने सही केली. वाढवून मिळालेले सहा महिने त्यांनी काढून घेतले आणि तुम्हाला कागदांच्या टेबलावर बसवलं. पिंजाऱ्याच्या घरात लहानपणापासून धूळ खाऊन शिकलेली मुलगी, जिने कधी एक नळी तिरपी ठेवली नाही, ती हयगय करणारी ठरली. आणि तुम्ही मलाच समजावत होतात, "जाऊ द्या अक्का, तुमची अंडी चांगली होती." शेवटच्या गुरुवारचे पैसेही तुम्ही मोजून दिलेत. मी ते घेतले.

मग तुमच्या पायांवर सूज आली. मूत्रपिंडं आधीपासूनच नाजूक होती, हे तुम्ही कोणालाच सांगितलं नव्हतं. दवाखान्यात मी दोनदा आले. पहिल्यांदा ठरवून आले होते, बसमध्ये वाक्य पाठ केलं होतं. तर तुमच्या पलंगाशी चाचा बसले होते आणि तुम्ही त्यांना सांगत होतात, "अब्बा, ही माझी अक्का. हिच्यासारखं अंडं बघणारं धुळ्यात कोणी नाही." पाठ केलेलं वाक्य तसंच घेऊन मी परतीच्या बसमध्ये बसले.

दुसऱ्यांदा तुम्ही एकट्या होतात. हात फार हलका झाला होता. मी भाकरी आणली होती, तुम्हाला ती चालत नव्हती, नुसता वास घेतलात. म्हणालात, "अक्का, बरी झाले की परत जामनेरला जाऊ. तुम्हीही चला. तुम्ही अंडी धरा, मी बोलते." मी हो म्हटलं. तुम्ही म्हणालात, "पिल्लांचं अजून माफ नाही ना केलंत मला?" मी म्हटलं, "केलं." तेवढं खरं बोलले. मग नर्स आली आणि वेळ संपली.

नवव्या दिवशी फोन आला. तो मात्र मी स्वतः उचलला.

तुम्ही गेल्यावर रडणं आलंच नाही मला. कामावर जायचे, नळ्या धुवायचे. पंधरा दिवसांनी साहेबांच्या खोलीत केर काढताना टेबलावर ते रजिस्टर दिसलं. नवीन आलेल्या डॉक्टरांना साहेब पान उघडून दाखवत होते, "हे बघा, असं होऊ देऊ नका." तुमचं अक्षर होतं. मी झाडू भिंतीला लावला.

"साहेब, त्या बाईंची चूक नव्हती."

साहेबांना आवाज कुठून आला ते कळलंच नाही. सहा वर्षांत त्यांनी माझा "हो साहेब" सोडून शब्द ऐकला नव्हता.

"काय म्हणालात?"

मी सगळं सांगितलं. उभ्यानेच. खुर्चीची पाठ धरून. साहेब चिडले. "दीड वर्ष झालं! आता सांगता? तुम्हाला कळतंय का काय केलंत तुम्ही? आणि हे खरं कशावरून? गेलेल्या माणसाच्या मायेपोटी लोक काहीही बोलतात."

"बलक आहेत साहेब. दर गुरुवारचा एक. खालच्या फ्रीजरमध्ये, निळ्या डब्यात. मॅडमनी तारखा घातल्यात."

 मग नवीन डॉक्टर म्हणाले, "सर, मधे वीज गेली, फ्रीजर बंद पडला, तरी बलकातले हात असे जात नाहीत. तपासून बघायला काय हरकत आहे?" साहेब म्हणाले, "तुमच्या कामाचं नंतर बघू, बाई. आधी नळ्या काढा."

सतरा नळ्या मीच काढल्या. तुमच्या हातच्या तारखा, एकही तिरपी नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी पट्टी मांडली. जुना विषाणू, त्यात ओळीने एकेका गुरुवारचा बलक, वरून रक्त. बलकात काटे झाकणारे हात असतील तर विषाणू रक्ताला धरणार नाही आणि टिकली पडेल. मी दाराशी उभी होते. पाऊण तासाने डॉक्टरांनी मला हाक मारली. पहिल्या सहा गुरुवारी नुसती चटई. सातव्या गुरुवारी, म्हणजे थेंब टाकले त्या दिवशीही, चटई. आठव्या गुरुवारीही. नवव्यापासून शेवटपर्यंत प्रत्येक वाटीत लाल टिकली.

त्याच वेळी मला रडू आलं. त्या परक्या डॉक्टरांसमोर, पदर तोंडात कोंबून.

मी विचारलं, "म्हणजे जामनेरचा विषाणू बदलला नव्हता?"

डॉक्टर म्हणाले, "खात्रीने नाही सांगता येणार. कुप्या संपल्या. थेंबांनी धरला असेल, किंवा मुळातच अशक्त असेल. पण फ्रीजर बिघडला होता असं आता कोणी म्हणू शकत नाही."

एवढं खरं तुम्हाला त्या दिवशी मिळालं असतं तर तुम्ही पुढचं शोधून काढलं असतंत. तुमच्याकडे तेव्हा हिंमत होती, वेळ होता, जामनेरची वाट होती. मी सांगितलं तेव्हा त्यातलं काहीच उरलं नव्हतं. हे ओझं माझं आहे आणि ते माझ्यापाशीच राहील, पण रजिस्टर मात्र बदललं. साहेबांनी तुमच्या ओळीखाली स्वतःच्या हाताने लिहिलं की अंडी लस दिलेल्या कोंबड्यांची होती, बलक तपासून सिद्ध झालं, नमुने ठेवण्यात संबंधित संशोधिकेची कोणतीही हयगय नव्हती. मला त्यांनी वाचून दाखवलं. 'कोणतीही' हा शब्द मी दोनदा वाचून घेतला. त्यांनी मला कामावरून काढलं नाही. अंड्यांचं काम काढून घेतलं. ते बरोबर आहे.

विमललाही सांगितलं.  ती म्हणाली, "मले ते सांगती ना अक्का, मी पैसा नहीं लेती." मग आत गेली, पोराच्या फीसाठी ठेवलेल्या डब्यातून अकराशे रुपये आणले आणि माझ्या हातात कोंबले. बाकीचे मी दोन पगारांतून बाजूला काढले होते.

काल तुमचा चाळिसावा दिवस झाला. मी दोंडाईच्याला गेले. बायकांत बसले, कोणी ओळखीचं नव्हतं, सगळ्यांनी जेवायला वाढलं. माणसं गेल्यावर चाचा पिंजण्याच्या खोलीत एकटेच बसले होते. यंत्र बंद, भिंतींवर कापसाची लव. मी समोर बसले आणि पहिल्यापासून सांगितलं. तुमच्या वडलांसमोर बोलताना साहेबांपेक्षा जड गेलं.

चाचांनी एकदाही मधे तोडलं नाही. शेवटी विचारलं, "तिने लिहिलं होतं की माझी चूक?"

"हो चाचा."

"आणि आता ते खोडलं?"

"खोडलं नाही. खाली लिहिलं, की चूक तिची नव्हती. साहेबांची सही आहे."

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "महिनाभर घरी येऊन जेवत नव्हती ती. मला म्हणाली, अब्बा, मी कापूस भिजवला. मला वाटलं कामाचं काही असेल." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुझ्यावर राग येतोय, बेटी. खोटं नाही सांगत. पण तू आलीस."

मी पैसे बांधलेला रुमाल सोडला. बोली मोडली त्या गुरुवारपासून अकरा गुरुवार. दर वेळी चाळीस अंडी. अंड्यामागे तुमचे सहा रुपये. डॉक्टर म्हणाले होते की पहिल्या दोन गुरुवारची अंडी कोरीच निघाली, पण मी तेही धरले, कारण तेव्हाही मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. चाचा म्हणाले, हे मी घेऊन काय करू. मी म्हटलं, घ्या, हे मॅडमच्या पगारातले आहेत.  मग त्यांनी हात पुढे केला, बोटाला थुंकी लावून नोटा मोजल्या, आणि माझा हिशेब स्वतः पुन्हा बोटांवर केला. अकरा, चाळीस, सहा.

"दोन हजार सहाशे चाळीस होतात. हे दोन हजार सहाशे पन्नास आहेत. दहा जास्त."

त्यांनी खिशातून दहाची नोट काढून माझ्यापुढे ठेवली. मी नको म्हणायला तोंड उघडलं, तर म्हणाले, "तिचे होते तेवढेच."

मी नोट उचलली. तुमचे पैसे पुरते फिटले, मॅडम.